आखूड दांडा, लांब गोष्ट

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

औसा हे रस्त्यांचं गाव आहे. तुळजापूरकडून लातूर-नांदेडकडे जाणारा मोठा रस्ता इथून जातो, निलंग्याचा रस्ता इथून फुटतो, किल्लारी-उमरग्याकडे जाणारा माणूसही इथूनच वळतो. रस्त्यांचं गाव म्हटलं की गॅरेजं आली, मिस्त्री आले, वेल्डिंगवाले आले आणि चहाच्या टपरीवर गाड्यांच्या गप्पा आल्या. या गप्पांत गेल्या काही वर्षांपासून तरुण मुलांच्या तोंडी एक नवी मागणी ऐकू येते. ‘मिस्त्री, गिअरचा दांडा आखूड करून द्या.’ बाहेरच्या देशांत याला ‘शॉर्ट शिफ्टर’ म्हणतात. तयार सुटे भाग मागवता येतात, आणि नाही मागवले तर आपला वेल्डर आहेच. दांडा आखूड केला की गिअर पटकन पडतो, हात फार हलवावा लागत नाही आणि गाडी शर्यतीतली वाटते, असं ही मुलं सांगतात.

ही हौस नवी वाटते खरी. पण दांडा किती लांब असावा, तो कुठे असावा आणि तो हलवायला किती जोर लागावा, हा प्रश्न मोटारीइतकाच जुना आहे. गेल्या सव्वाशे वर्षांत या प्रश्नाची निरनिराळी उत्तरं दिली गेली आणि त्यातली बहुतेक सगळी आपल्या मराठवाड्याच्या रस्त्यांवरून धावून गेली. त्या उत्तरांचा इतिहास आज थोडक्यात सांगायचा आहे.

आधी दांडा म्हणजे काय ते पाहू. शाळेत आपण तरफ शिकलो. पहारीखाली दगडाचा टेकू ठेवायचा, लांब टोक खाली दाबायचं, की आखूड टोकावरचा धोंडा हलतो. हाताला जोर कमी लागतो, पण हात बराच खाली न्यावा लागतो. गिअरचा दांडा ही अशीच पहार आहे. वरचं टोक ड्रायव्हरच्या हातात, खालचं टोक गिअरबॉक्समध्ये आणि मध्ये टेकू. खालचं टोक आतल्या सळईला आणि तिच्यावरच्या फोर्कला सरकवतं आणि फोर्क गिअर जोडतो. आत सरकायचं अंतर फार नसतं, साधारण सेंटिमीटरभर. तेवढ्यासाठी वर हात वीतभर फिरतो, तो जोर वाचावा म्हणून.

मोटारीच्या पहिल्या काळात या जोराची फार गरज होती. फ्रान्समध्ये पानार आणि लव्हासॉर यांच्या कारखान्याने १८९१ च्या सुमारास जी गाडी बनवली, तिची मांडणी पुढे जगभर रूढ झाली. इंजिन पुढे, मग क्लच, मग गिअरबॉक्स आणि फिरायची ती मागची चाकं. या गिअरबॉक्समध्ये दातेरी चाकं शाफ्टवर सरकवून एकमेकांत घुसवावी लागत. फिरत्या चाकाचे दाते दुसऱ्या फिरत्या चाकाच्या दात्यांत बसवायचे, म्हणजे धावत्या बैलगाडीत उडी मारण्यासारखंच. दोघांचा वेग जुळला तर ठीक, नाहीतर दात्यावर दात आपटून सगळ्या आळीला ऐकू जाईल असा आवाज. हा प्रकार रांगडा आहे, पण चालतो, अशा अर्थाचे उद्गार लव्हासॉरच्याच नावावर सांगितले जातात.

त्या काळी दांडा गाडीच्या बाहेरच्या अंगाला, उजव्या हाताशी, हँडब्रेकच्या शेजारी असे. तो चांगला लांब आणि दणकट असे, कारण त्याच्याशी झटापटच करावी लागे. १९०१ च्या मर्सिडीज गाडीत दांड्याला खाचांची चौकट मिळाली. आज गिअरच्या मुठीवर इंग्रजी ‘एच’सारखी जी आकृती दिसते, तिचं मूळ त्या खाचांत आहे. हेन्री फोर्डने १९०८ च्या ‘मॉडेल टी’त मात्र ही झटापटच टाळली. त्याने दोन गिअर पायांवर सोपवले. ज्यांनी कधी मोटार पाहिलीही नव्हती, त्या शेतकऱ्यांनी ती चालवली. गिअर टाकायला सोपा झाला की मोटार चालवणाऱ्यांची संख्या वाढते, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

आपल्या भागात मोटार सामान्य माणसापर्यंत आली ती बसच्या रूपाने. औसा तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात आणि निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. निजाम स्टेट रेल्वेने १९३२ साली रस्ते वाहतुकीचा विभाग काढला. सुरुवात २७ गाड्या आणि १६६ नोकर एवढ्यावर झाली. या गाड्यांत स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या कारखान्यात तयार झालेल्या ‘आल्बियन’ बस होत्या. त्या काळातली एक आल्बियन हैदराबादेत आजही जपून ठेवलेली आहे. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान भारतात विलीन झालं, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे इथली सरकारी बसही आपल्या एसटी महामंडळात सामील झाली. राज्य बदललं, पाट्या बदलल्या, गाड्यांचे रंग बदलले. गिअर टाकायची रीत मात्र बरीच वर्षं तीच राहिली. तिचं नाव ‘डबल क्लच’.

आजच्या मुलांना हा शब्द माहीत नसेल, म्हणून सांगतो. चढ आला आणि खालचा गिअर हवा असला, की ड्रायव्हर क्लच दाबून दांडा न्यूट्रलमध्ये आणी. मग क्लच सोडून ॲक्सिलरेटरचा एक झटका देई, म्हणजे आतली चाकं हव्या त्या वेगाने फिरू लागत. मग पुन्हा क्लच दाबून दांडा खालच्या गिअरमध्ये सरकवी. हे सगळं दोन क्षणांत, तेही मोठ्या जड दांड्यानिशी. घड्याळ नाही, काटा नाही, नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून वेग जुळवायचा. १९५४ साली टाटांनी जर्मनीच्या डेमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला मालट्रक बनवायला सुरुवात केली. त्या ट्रकवर तयार झालेल्या ड्रायव्हरांच्या दोन-तीन पिढ्यांना ही विद्या अंगवळणी होती. क्लीनरच्या जागेवर बसून, कानाने ऐकून ती शिकली जाई. उस्तादाने गिअर न वाजवता टाकला की क्लीनर समजायचा, आज काहीतरी शिकायला मिळालं.

मोटारगाडीत ही विद्या अनावश्यक करणारा शोध अमेरिकेत लागला. अर्ल थॉम्पसन नावाच्या इंजिनिअरने गिअरच्या दात्यांआधी एकमेकांना घासणारे दोन शंकू बसवले. शंकू घासले की दोन्ही भागांचा वेग आपोआप सारखा होतो आणि मग दाते मुकाट्याने बसतात. १९२८ साली कॅडिलॅक गाडीत हा ‘सिंक्रोमेश’ आला. पुढे यासाठी बारीक आट्यांची पितळी कडी वापरात आली. आपले मिस्त्री तिला नुसतं ‘रिंग’ म्हणतात. ही कडी ध्यानात ठेवा. आखूड दांड्याच्या गोष्टीत सगळ्यात जास्त सोसणारी तीच आहे.

सिंक्रोमेशमुळे जोर कमी लागू लागला आणि दांड्याला जागा बदलायची मुभा मिळाली. १९३८-३९ च्या सुमारास अमेरिकी गाड्यांत तो मजल्यावरून उठून स्टेअरिंगच्या दांडीवर गेला. कारण अगदी घरगुती होतं. पुढे अखंड बाकासारखी सीट टाकली आणि मधला दांडा काढला, की ड्रायव्हरशेजारी दोन माणसं ऐसपैस बसतात.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे ज्या दोन मोटारी घरोघरच्या ओळखीच्या झाल्या, त्या दोन्ही अशा स्टेअरिंग-गिअरच्या होत्या. एक कोलकात्याजवळच्या उत्तरपाड्याला बनणारी हिंदुस्थान मोटर्सची ॲम्बॅसॅडर. ब्रिटनच्या मॉरिस ऑक्सफर्ड गाडीवरून घडलेली ही गाडी १९५७ साली आली आणि २०१४ च्या मे महिन्यापर्यंत बनत राहिली. दुसरी मुंबईच्या कुर्ल्यातली प्रीमियर ऑटोमोबाईल्सची फियाट, जिचं नाव पुढे पद्मिनी झालं. या कंपनीचे संस्थापक वालचंद हिराचंद हे आपल्या शेजारच्या सोलापूरचे. मुंबईत टॅक्सी म्हणून धावणारी शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून उतरली, तेव्हा स्टेअरिंगच्या गिअरचं ते युगही संपलं.

या गाड्यांनी आपल्याकडे किती माणसं वाहिली याची गणती नाही. लग्नाचं वऱ्हाड असो, तुळजापूरची नवस फेडायची खेप असो की बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं असो, पुढे तिघं, मागे पाच आणि मांडीवर लेकरं. हे शक्य होतं, कारण मध्ये दांडा नव्हता. पण त्याची किंमतही होती. स्टेअरिंगवरच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत लांबलचक सळ्या, कोन आणि बुश. बुश झिजले की दांडा सैल पडे आणि दोन गिअरच्या मध्ये अडके. चढावर गाडी थांबलेली आहे, ड्रायव्हर बोनेट उघडून हाताने सळ्या मोकळ्या करतो आहे आणि आतली मंडळी घाम पुसत बसली आहेत, हे दृश्य माझ्या पिढीने अनेकदा पाहिलं आहे.

म्हणून मग उलटा प्रवास सुरू झाला. पुष्कळ मालक स्टेअरिंगवरचा गिअर काढून ‘खालचा गिअर’ करून घेऊ लागले. मिस्त्री मजल्याचा पत्रा कापत, मधल्या सळ्या काढून टाकत आणि थेट गिअरबॉक्सशी बोलणारा दांडा बसवत. अमेरिकेत याच कामावर जॉर्ज हर्स्ट नावाच्या माणसाने १९५० च्या दशकाअखेरीस कारखाना उभा केला. १९६४ च्या पाँटिॲक जीटीओ या गाजलेल्या गाडीत त्याचाच दांडा कंपनीने बसवून दिला होता. तिथे ती शर्यतीची हौस होती, आपल्याकडे ती अडकणाऱ्या गिअरवरची सोय होती. काम मात्र एकच, हात आणि गिअर यांच्यामधले मध्यस्थ कमी करणं. आजच्या शॉर्ट शिफ्टरचे हेच पूर्वज म्हणायला हरकत नाही. पुढे कारखान्यांनीही तीच वाट धरली. मद्रासच्या स्टँडर्ड हेरल्डचा गिअर १९६१ पासूनच खाली होता. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली, तिचाही दांडा खालीच होता, छोटा आणि हलका. त्यानंतर शिकलेल्यांपैकी पुष्कळांना स्टेअरिंगवरचा गिअर कधी हाताळावाच लागला नाही.

मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत मात्र दांड्याची खरी कहाणी मारुतीत घडली नाही, ती काळ्या-पिवळ्या जीपमध्ये घडली. एसटी दिवसातून दोनदा यायची, जीप भरली की निघायची. या जीपचा दांडा मजल्यातून वर आलेला, लांब आणि थरथरणारा. पुढच्या सीटवर तीन, कधी चार माणसं. दांड्याच्या अलीकडे एक पाय, पलीकडे एक पाय टाकून कुणीतरी बसलेला असे. ‘मामा, पाय सरकवा जरा, दुसरा टाकू द्या,’ हे वाक्य लातूर-औसा-निलंगा या भागात ज्याने ऐकलं नाही, त्याने जीपने प्रवास केला नाही असंच म्हणावं लागेल. बाईमाणूस पुढे बसली असेल तर ड्रायव्हरही संकोचायचा आणि तीही. मग काही ड्रायव्हरांनी यावर तोडगा काढला. दांडा गॅसवर तापवून आपल्या बाजूला वाकवून घेतला किंवा चार बोटं कापून मूठ पुन्हा बसवली. आमच्याकडचा पहिला शॉर्ट शिफ्टर तो हा. एक सीट जास्त बसावी म्हणून केलेला. त्या जास्तीच्या माणसाच्या गुडघ्यामुळे ऐन वळणावर गिअर पडत नसे, हे तेव्हा कुणी हिशेबात धरत नव्हतं.

लांब दांड्याचं मोल कळावं असे प्रसंगही या भागाने पाहिले. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट औसा तालुका विसरणार नाही. किल्लारी आणि आसपासची गावं काही क्षणांत जमीनदोस्त झाली आणि हजारो माणसं दगामातीखाली गेली. पाठोपाठ पावसाने काळ्या मातीचा चिखल झाला. मदतीचे ट्रक, लष्कराची वाहनं, जीप, ट्रॅक्टर त्या चिखलातून चालले ते पहिल्या-दुसऱ्या गिअरवर. जीपच्या मोठ्या दांड्याशेजारचे छोटे दांडे, म्हणजे चारही चाकांना जोर देणारे आणि वेग आणखी खाली उतरवणारे, अशाच वाटांसाठी असतात. तिथे गिअर किती झटकन पडतो याला महत्त्व नसतं. तो नक्की पडला पाहिजे आणि पडल्यावर सुटता कामा नये. गिअरबॉक्सचं मूळ काम काय, ते अशा वेळी समजतं.

आता आखूड दांड्याचा हिशेब मांडू. समजा, टेकूच्या वर दांडा ३० सेंटिमीटर आहे आणि खाली ३. म्हणजे खालचं टोक १ सेंटिमीटर हलवायला हात १० सेंटिमीटर हलवावा लागतो आणि खाली दहा किलोचा जोर हवा असेल तर हाताला एक किलो लावावा लागतो. शॉर्ट शिफ्टरमध्ये टेकू १ सेंटिमीटर वर नेला, म्हणजे वर २९ आणि खाली ४ राहिले. आता हात सव्वासात सेंटिमीटरच हलेल. मुलांना हवं ते हेच. पण हाताला लागणारा जोर एक किलोवरून सुमारे एक किलो तीनशे ऐंशी ग्रॅमवर जातो. अंतर पाव हिश्शाहून जास्त वाचलं, जोर तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढला. नुसता वरून दांडा कापला तरी साधारण असाच हिशेब होतो, शिवाय मूठ खाली गेल्याने खांदा वाकवावा लागतो. तरफेच्या व्यवहारात फुकट काही मिळत नाही. अंतर वाचवा, जोर मोजा. जोर वाचवा, अंतर मोजा.

ड्रायव्हर तरुण असेल तर तो जोर त्याला जाणवतही नाही. जाणवतो तो त्या पितळी कडीला. घासून वेग जुळवायला तिला क्षणभर वेळ लागतो. लांब दांडा हाताला आपोआप तेवढा वेळ काढायला लावतो. आखूड दांडा घाईला आमंत्रण देतो. घाईने रेटलेल्या प्रत्येक गिअरबरोबर कडी झिजते, मग दुसरा गिअर कुरकुरतो, मग तो पडेनासा होतो आणि गिअरबॉक्स उतरवायची वेळ येते. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. काही प्रकारांत दांड्याची आडवी हालचालही कमी होते. गिअरच्या रांगा जवळ आल्यामुळे पाचव्यातून चौथ्यात जायचं ते दुसऱ्यात जाण्याची शक्यता वाढते. ताशी ९० च्या वेगात दुसरा गिअर पडला आणि क्लच सोडला, तर चाकंच इंजिनाला त्याच्या ताकदीबाहेर फिरवतात. इंजिन फुटू शकतं, चाकं घसरू शकतात, आणि मागून येणाऱ्या ट्रकला यातलं काहीच माहीत नसतं.

याचा अर्थ शॉर्ट शिफ्टर ही वाईटच वस्तू आहे असा नाही. शर्यतीच्या गाड्यांना तो लागतो, काही कंपन्या स्वतःच आखूड चालीचा दांडा देतात. त्यामागे टेकू, स्प्रिंग, कडी आणि मूठ यांचा एकत्र विचार केलेला असतो. नुसता दांडा कापण्यात तो विचार नसतो. आमच्याकडचे जुने मिस्त्री गिऱ्हाइकाला आधी एक गोष्ट सांगतात, ती मला फार पटते. ‘दांडा सैल वाटतो म्हणून आखूड करायला आलास ना? आधी बुश बदलून बघ.’ आणि पुष्कळदा शंभर-दोनशे रुपयांच्या बुशने काम होतं. गिअर पुन्हा नव्यासारखा पडतो आणि आखूड दांड्याची हौस तिथेच फिटते.

कायद्याचंही भान हवं. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांवर बंधन घालतं आणि ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत बदल करण्याबद्दल कडक भूमिका घेतली. अपघात झाला आणि विम्याचा प्रश्न आला, तर गॅरेजातली वेल्डिंग कुणाच्याही बाजूने साक्ष देणार नाही. म्हणून असं काही करायचं तर आधी आरटीओत विचारावं.

इतिहासाची गंमत अशी की दांडा आखूड करण्याची हौस वाढत असतानाच दांडा नाहीसा व्हायला लागला आहे. २०१४ साली मारुती सेलेरिओत ‘ऑटो गिअर’ आला. आत गिअरबॉक्स तोच, क्लच तोच, फक्त क्लच दाबायचं आणि फोर्क सरकवायचं काम माणसाऐवजी यंत्र करतं. विजेच्या गाड्यांत तर बदलायला गिअरच नाहीत, एक गोल बटण फिरवलं की झालं. लव्हासॉरपासून सुरू झालेली झटापट संपत आली. वाहन चालवणं यामुळे सोपं होईल, ज्येष्ठांना, अपंगांना आणि धास्ती घेऊन बसलेल्या अनेकांना चालवता येईल. फोर्डच्या पायाच्या गिअरने जे केलं, तेच पुन्हा घडतं आहे, आणि ते चांगलंच आहे.

तरी अजून कितीतरी वर्षं आपल्या रस्त्यांवर ट्रक, टेम्पो, ट्रॅक्टर आणि जुन्या जीप दांड्यावरच चालणार आहेत. दांडा बाहेर होता तेव्हा हाताने सोसलं, स्टेअरिंगवर गेला तेव्हा सळ्यांनी सोसलं, जीपमध्ये शेजारच्या माणसाच्या गुडघ्यांनी सोसलं. दांडा कापायला निघालेल्या मुलांना म्हणूनच एवढंच सांगायचं आहे, की वाचलेल्या त्या दोन-तीन सेंटिमीटरांची किंमत कोण देणार हे आधी ठरवा. गाडी एकट्याची, मोकळ्या मैदानात चालवायची असेल तर ती किंमत तुमच्या खिशातून जाईल. पण मागच्या सीटवर आईवडील आणि लेकरं बसणार असतील, तर गिअर सावकाश पडू द्या.